विश्लेषण : एन्झाइमला जाळीत कोंडले तर ते जास्त टिकते? ऊस, कापड आणि पेनिसिलिनला जोडणारे रसायन

ऊस तोडून दोन-तीन दिवस फडातच पडला तर काय होते, हे पेठ वडगाव परिसरातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कारखान्यात उतारा पडतो. गुऱ्हाळाकडे नेला तर गूळ चिकट येतो, ढेप घट्ट बसत नाही. उसातले 'इन्व्हर्टेज' नावाचे एन्झाइम साखरेचे तुकडे करत असते आणि तोडलेल्या टोकातून आत शिरलेले जिवाणू त्याच साखरेपासून 'डेक्स्ट्रान' नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्यांचे हे कामही एन्झाइममार्फतच चालते. हा डेक्स्ट्रान रसात आला की रस घट्ट होतो, गाळणी तुंबते, साखरेचा दाणा लांबट येतो. मग त्यावर उपाय म्हणून कारखाने रसात 'डेक्स्ट्रानेज' टाकतात. म्हणजे पुन्हा एन्झाइमच.

याच हातकणंगले तालुक्यात इचलकरंजी आहे. तिथे सायझिंगमध्ये सुताला लावलेली खळ कापड विणून झाल्यावर काढायला एन्झाइम लागते. घरातल्या मधुमेही माणसाच्या शुगर तपासायच्या पट्टीवरही एन्झाइमच असते. एवढे उपयोगी असूनही ते नाजूक असते. उष्णता, आम्ल, अल्कली, विद्राव्य, यातले काहीही जास्त झाले की ते निकामी होते. शिवाय एकदा टाकीत ओतले की ते मालाबरोबर किंवा सांडपाण्याबरोबर वाहून जाते, परत मिळत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेली युक्ती ऐकायला सोपी आहे. एन्झाइमला सूक्ष्म छिद्रे असलेल्या पदार्थात कोंडायचे. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या 'एमओएफ' नावाच्या जाळीदार पदार्थांना मिळाले, त्यामुळे या युक्तीला पुन्हा भाव आला आहे. पण आपल्या भागातल्या उद्योगांना तिचा खरेच उपयोग आहे का? काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी अजिबात नाही. कारण समजून घ्यायला हवे.

एन्झाइम बिघडते म्हणजे काय?

एन्झाइमला मराठी पाठ्यपुस्तकात 'विकर' म्हणतात. बहुतेक विकरे प्रथिने असतात. शेकडो अमिनो आम्लांची लांब साखळी, ती विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेली. या गुंडाळीत एक खोबण तयार होते. त्या खोबणीत नेमका बसणारा रेणू आला की विकर त्याला तोडते किंवा जोडते, सोडून देते आणि पुढच्याला घेते. स्वतः संपत नाही.

सगळी करामत गुंडाळीची आहे. ती सुटली की साखळी तीच राहते, पण खोबण नाहीशी होते. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तिथेही हेच घडलेले असते. प्रथिनांच्या गुंडाळ्या सुटतात, सुटलेल्या साखळ्या एकमेकींत अडकतात. उकडलेले अंडे गार केले म्हणून पुन्हा पातळ होत नाही; उष्णतेने सुटलेले विकरही बहुतेकदा परत पूर्ववत होत नाही.

आता हेच विकर त्याच्याच मापाच्या छोट्या खोलीत ठेवले तर? गुंडाळी सुटायला साखळीला पसरावे लागते आणि पसरायला जागाच नाही. शेजारचे विकर येऊन चिकटू शकत नाही. विकरालाच खाऊन टाकणारी दुसरी विकरे असतात, तीही भिंतीबाहेर राहतात. अट एकच. ज्या रेणूवर काम करायचे, त्याला आत यायला आणि तयार मालाला बाहेर पडायला वाट हवी. या अटीवरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

कल्पना नवी आहे का?

नाही. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नेल्सन आणि ग्रिफिन या दोघांनी इन्व्हर्टेज कोळशावर बसवले आणि ते तरीही साखर तोडत राहते असे दाखवले. कोळसा हा छिद्रांनी भरलेला पदार्थ आणि विकर तेच, जे आपल्या शिळ्या उसात गूळ बिघडवते. पुढची पन्नास वर्षे या निरीक्षणाचा उद्योगाला फारसा उपयोग झाला नाही. १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने आधारावर बसवलेले विकर भरलेल्या नळकांड्यातून अमिनो आम्ल बनवायला सुरुवात केली. बांधून ठेवलेले विकर कारखान्यात वापरल्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

संबंध पेनिसिलिनचा आहे आणि तो चांगलाच जुना आहे.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन जी हे मूळ औषध. पण आज मेडिकलमध्ये सर्रास मिळणारे अॅमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन बनवायचे असेल, तर आधी पेनिसिलिन जी ची 'शेपटी' कापावी लागते. उरतो तो गाभा, त्याला '६-एपीए' म्हणतात. या गाभ्याला नवी शेपटी जोडली की नवे औषध तयार होते.

शेपटी कापण्याची जुनी रासायनिक पद्धत अवघड होती. उणे ४० अंशांच्या आसपास थंडी, डायक्लोरोमिथेनसारखे विद्राव्य, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखे दाहक रसायन. कारण पेनिसिलिनचा गाभा स्वतःच नाजूक असतो; जोर लावला तर शेपटीबरोबर तोही मोडतो. 'पेनिसिलिन असायलेज' हे विकर हेच काम साध्या पाण्यात, शरीराच्या तापमानाच्या जवळपास करते आणि गाभ्याला धक्का लावत नाही.

मात्र हे विकर जिवाणू वाढवून त्यांच्यातून काढावे लागते, म्हणजे ते महाग. एका घाणीत वापरून फेकून दिले तर हिशेब जमत नाही. म्हणून ते सच्छिद्र मण्यांवर बसवायचे, मणी टाकीत ठेवायचे, काम झाले की द्रव काढून घ्यायचा आणि तेच मणी पुढच्या घाणीला वापरायचे. जगभरच्या कारखान्यांत असे मणी शेकडो घाणी चालतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, या विकरावर दीर्घकाळ काम झाले. १९८९ मध्ये पिंपरीची कंपनी आणि एनसीएल यांच्या संशोधकांनी मिळून या विकराच्या उत्पादनाचा आणि ६-एपीए बनवण्यातल्या वापराचा आढावा 'प्रोसेस बायोकेमिस्ट्री' या नियतकालिकात मांडला. १९९९ मध्ये सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, हेप्झिबा शिवरामन आदी एनसीएलच्या संशोधकांनी ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठाबरोबर याच कुळातल्या 'पेनिसिलिन व्ही असायलेज'ची त्रिमितीय रचना उलगडली.

या कामात एक बारकावा लक्षात आला, जो नव्या पदार्थांनाही लागू पडतो. शेपटी कापली की एक आम्ल सुटते. टाकीत अल्कली सोडून ते मारता येते. पण मण्याच्या खोल छिद्रात तयार झालेले आम्ल बाहेर यायला वेळ लागतो. बाहेरचे पाणी ठीक दिसत असते आणि आत विकर आंबटात बुडालेले असते. म्हणजे कोंडणे फुकटात होत नाही. जितकी सुरक्षित खोली, तितकी ये-जा हळू.

पुढे चीनमधून स्वस्त माल येऊ लागला आणि देशातले पेनिसिलिन जी चे उत्पादन थांबले. केंद्राने २०२० मध्ये औषधांच्या कच्च्या मालासाठी जाहीर केलेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेच्या यादीत पेनिसिलिन जी चे नाव आहे ते यामुळेच. एखादे विकर किती घाणी टिकते, हा प्रश्न किती मोठ्या हिशेबात जाऊन बसतो, हे यावरून कळावे.

मग एमओएफने नवे काय आणले?

कोळसा, सिलिका किंवा प्लास्टिकचे मणी यांत छिद्रे असतात, पण ती लहान-मोठी, वेडीवाकडी. विकर काही ठिकाणी सैल बसते, काही ठिकाणी अडकते, काही वेळा धुऊन जाते. एमओएफ म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय दांडे यांची स्फटिकासारखी नियमित जाळी. बांधकामाच्या परांचीसारखी कल्पना करा. धातू म्हणजे सांधे, सेंद्रिय रेणू म्हणजे बांबू. बांबूची लांबी बदलली की खोलीचे माप बदलते. ऑस्ट्रेलियातले रिचर्ड रॉबसन, जपानचे सुसुमू कितागावा आणि अमेरिकेतले ओमार याघी यांना या कामासाठीच नोबेल मिळाले. अशा पदार्थाच्या दोन-चार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढे पृष्ठफळ दडलेले असू शकते.

विकर आत घालायच्या मुख्य दोन रीती आहेत. पहिली, मोठ्या खोल्यांची जाळी आधी बनवायची आणि विकर त्यात मुरू द्यायचे. विकरांचे माप साधारण काही नॅनोमीटर, त्यामुळे खोल्याही तेवढ्या लागतात. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये साडेपाच नॅनोमीटरच्या पिंजऱ्यांची अशी जाळी करून एका पिंजऱ्यात एकच विकर बसवून दाखवले.

दुसरी रीत जास्त गमतीची. विकर पाण्यात ठेवायचे आणि जाळी त्याच्याभोवतीच वाढवायची. 'झिफ-८' नावाची जाळी जस्ताचे क्षार आणि मिथाइल इमिडॅझोल यांच्यापासून साध्या तापमानाला, साध्या पाण्यात तयार होते. प्रथिनाचा पृष्ठभाग जस्ताला जवळ ओढतो, त्यामुळे स्फटिक तिथेच धरायला लागतात आणि थोड्याच वेळात विकराभोवती कवच तयार होते. शिंपला किंवा हाड जसे जैविक पदार्थाभोवती खनिज साठून बनते, तसेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये असे कवच घातलेले 'पेरॉक्सिडेज' १५३ अंशांना उकळणाऱ्या डीएमएफ या विद्राव्यात ठेवले. कवचातल्या विकराची बहुतांश क्षमता टिकली. उघडे विकर त्यात वाचत नाही.

पुण्यातला पोकळ गोळा

याच वर्षी एनसीएलमधूनही एक महत्त्वाचा निबंध 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. राहुल बॅनर्जी तेव्हा पुण्यात होते, पुढे ते आयसर कोलकात्याला गेले. त्यांच्या गटाने, आयआयटी कानपूरच्या साथीने, धातू नसलेली, फक्त सेंद्रिय दांड्यांची जाळी वापरली. तिला 'सीओएफ' म्हणतात. विशेष म्हणजे हा पदार्थ आपोआप पोकळ गोळ्यांच्या रूपात तयार झाला. गोळ्याची भिंत सच्छिद्र, आत रिकामी जागा आणि पाण्यात किंवा आम्लात न विरघळण्याइतका टिकाऊपणा.

त्यात त्यांनी 'ट्रिप्सिन' भरले. आपल्या पोटात प्रथिने पचवणारे हे विकर. एका ग्रॅम पदार्थात १५.५ मायक्रोमोल मावले. हा आकडा रसायनशास्त्राच्या भाषेतला आहे. ट्रिप्सिनचे रेणुभार धरून हिशेब केला तर एका ग्रॅम गोळ्यांत साधारण ०.३६ ग्रॅम विकर येते. स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त माल गोदामात मावणे ही चांगलीच गोष्ट आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, वीरेंद्र राठोड यांच्या गटानेही तेल-चरबी तोडणारे 'लायपेज' एमओएफमध्ये कोंडण्याचे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध केले.

आपल्या भागात कुठे चालेल, कुठे नाही?

कुठल्याही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारायचा. विकर ज्याच्यावर काम करणार तो रेणू खिडकीतून आत जाईल का? झिफ-८ ची खिडकी अवघी ०.३४ नॅनोमीटरची आहे.

साखर कारखाना आधी घेऊ. डेक्स्ट्रान हा अवाढव्य रेणू, त्याचा रेणुभार लाखांत जातो. डेक्स्ट्रानेजला झिफ-८ मध्ये कोंडले तर विकर सुखरूप राहील, पण त्याला काम मिळणार नाही. गोठ्याला इतकी घट्ट जाळी मारली की वैरणही आत जाईना, असा प्रकार. तिथे मोठ्या छिद्रांचा मणी किंवा विकर वरच्या पृष्ठभागावर बसवणे हेच पर्याय उरतात. शिवाय कारखान्याचा रस म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. त्यात माती, मेण, बगॅसचे कण असतात, छिद्रे भरायला वेळ लागणार नाही. माझ्या मते इथे तोडणी ते गाळप हे अंतर कमी करणे कुठल्याही नॅनो-जाळीपेक्षा स्वस्त पडते.

कापडाची खळ काढायचे विकर, अमायलेज. इथे तर प्रश्नच वेगळा आहे. स्टार्च कापडात, सुताच्या आत बसलेला असतो. विकराने कापडापर्यंत जायला हवे. त्याला कोंडून ठेवले तर उपयोग शून्य.

दूध. लॅक्टोज न पचणाऱ्यांसाठी दुधातले लॅक्टोज तोडणारे 'लॅक्टेज' वापरतात. लॅक्टोजचा रेणू झिफ-८ च्या खिडकीपेक्षा मोठा आहे. मोठ्या खोल्यांची जाळी घेतली तरी दुधातले केसिनचे कण त्यावर थर धरतात. दुधात फॉस्फेट असते आणि फॉस्फेटला जस्त आवडते, म्हणजे झिफ-८ हळूहळू विरघळून जस्त आणि इमिडॅझोल दुधात येणार. पिण्याच्या पदार्थात ते कोणाला चालेल?

आता जिथे गणित जुळते ते ठिकाण. इचलकरंजीच्या प्रोसेस कारखान्यांत कापड पांढरे करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. ब्लीचिंग झाल्यावर कापडात आणि पाण्यात पेरॉक्साइड उरते आणि ते काढल्याशिवाय रिअॅक्टिव्ह रंग चढवला तर छटा बिघडते. म्हणून एक तर कापड वारंवार धुवायचे, म्हणजे पाणी आणि वाफ दोन्ही खर्च, किंवा 'कॅटलेज' हे विकर टाकायचे. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते.

पेरॉक्साइडचा रेणू पाण्यापेक्षा थोडाच मोठा. अगदी बारीक खिडकीतूनही तो सहज जातो. तैवानमधल्या एका गटाने २०१५ मध्ये कॅटलेज 'झिफ-९०' या जाळीत कोंडले आणि बाहेर प्रथिने खाणारे 'प्रोटिनेज के' सोडले. उघडे कॅटलेज संपले. कोंडलेले पेरॉक्साइड तोडत राहिले, कारण पेरॉक्साइड आत जात होते आणि प्रोटिनेज बाहेरच अडले होते. ज्या अटीमुळे डेक्स्ट्रानेज अडते, तीच इथे कामाला येते.

आणि हे केवळ परीक्षानळीतले स्वप्न नाही. २००१ मध्ये ऑस्ट्रिया आणि पोर्तुगालच्या संशोधकांनी कॅटलेज साध्या सच्छिद्र अॅल्युमिनावर बसवून ब्लीचिंगच्या सांडपाण्यावर वापरले होते. हेतू हा की पेरॉक्साइड काढलेले तेच पाणी पुढे रंगाईला वापरता यावे. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला या वाक्याचे मोल वेगळे समजावून द्यायला नको. तिथल्या ब्लीचिंगचे पाणी कडक उष्ण आणि अल्कलीयुक्त असते, म्हणून त्यांनी तशा परिस्थितीत तग धरणाऱ्या जिवाणूचे कॅटलेज निवडले होते. मूळ विकरच दणकट घ्यायचे आणि मग आधार द्यायचा, हा शहाणपणाचा क्रम.

रंगाचे सांडपाणी हा त्याच्या पुढचा टप्पा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. पी. गोविंदवार यांच्या गटाने कापड-रंग तोडणारे जिवाणू, वनस्पती आणि त्यांची विकरे यांवर अनेक वर्षे काम केले आहे. रंगाचे रेणू पेरॉक्साइडपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे त्यांना झिफ-८ चालणार नाही, मोठ्या खोल्या लागतील. पण विकर कुठले वापरायचे याचे ज्ञान आपल्याच जिल्ह्यात आहे.

अडचण कुठे आहे?

किमतीत, हे उघड आहे. अॅल्युमिना पोत्याने मिळतो, एमओएफ अजून तसा मिळत नाही. पण त्याहून छुपी अडचण टिकण्याची आहे. झिफ-८ आम्लात विरघळते आणि फॉस्फेट असलेल्या पाण्यातही झिजते. प्रयोगशाळेत विकरे अनेकदा फॉस्फेटच्याच द्रावणात ठेवतात, म्हणजे विकराला मानवणारे पाणी घराला मानवत नाही. कोंडताना काही विकरे इमिडॅझोलमुळे किंवा चुकीच्या तोंडाने बसल्यामुळे सुस्तावतात. काहींची खोबण भिंतीकडे वळलेली असते, तिथे रेणू पोहोचतच नाही. कवचातले विकर उकळत्या विद्राव्यात वाचले, ही बातमी खरी असली तरी तेच विकर साध्या पाण्यात उघड्या विकराच्या मानाने किती वेगाने काम करते, हा आकडा वेगळा विचारावा लागतो. तो बरेचदा कमी असतो.

म्हणून पहिला व्यापारी उपयोग मोठ्या टाक्यांऐवजी छोट्या, महाग वस्तूंत होण्याची शक्यता जास्त वाटते. तपासणीच्या पट्ट्या, सेन्सर, औषधी प्रथिने फ्रिजशिवाय नेणे. शुगरच्या पट्टीवरचे विकर उष्णतेला आणि दमटपणाला घाबरते, म्हणूनच डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो आणि झाकण लगेच लावा असे त्यावर छापलेले असते. एका पट्टीला विकर लागते किंचित, त्यामुळे त्याच्याभोवतीची जाळी महाग असली तरी पट्टीची किंमत फारशी वाढत नाही.

प्रोसेस कारखान्याला उद्या कोणी 'नॅनो-एन्झाइम' विकायला आले, तर माहितीपत्रकातल्या तापमानाच्या आकड्यांआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. किती घाणींनंतर क्षमता निम्मी होते, ती चाचणी स्वच्छ पाण्यात केली की खऱ्या ब्लीचिंगच्या पाण्यात, आणि वापरून झालेल्या पाण्यात जस्त किंवा दुसरा धातू किती उतरतो. तिसऱ्या आकड्याशी प्रदूषण नियंत्रण मंडळाचाही संबंध येईल, कारण कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या जस्तावर आजही मर्यादा आहे.